इमर्जन्सीत निदान होतं कसं, आणि ते अधिक अचूक कसं होत जातं

प्रश्न एका इंटर्नचा आहे. कॅज्युअल्टीत रुग्णाची पूर्ण माहिती नसते, वेळ नसतो, रिपोर्ट यायचे असतात. तरीही अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा बरोबर दिशेने जातात, ते कसं? आजारांची यादी पाठ केली की हे जमतं का? आणि आपण जे नियम वापरतो ते आले कुठून, त्यात आपल्यालाही भर घालता येते का?

यादी पाठ असावीच लागते, पण तेवढ्याने भागत नाही. इमर्जन्सीत प्रश्नांचा क्रमच वेगळा असतो. वॉर्डात आपण "याला झालंय काय?" इथून सुरुवात करतो. इथे पहिला प्रश्न असतो, "येत्या तासाभरात या माणसाचा जीव कशाने जाऊ शकतो, आणि ती शक्यता मी तपासली का?" मग "यातल्या कशावर आत्ता, इथेच उपचार करता येतो?" आणि त्यानंतर "हा घरी जाऊ शकतो का?" आजाराचं नेमकं नाव बऱ्याचदा यानंतर येतं, कधी येतही नाही. पोटदुखीचे कितीतरी रुग्ण पक्क्या निदानाशिवाय घरी जातात आणि त्यात काही गैर नाही. गैर आहे ते केस पेपरवर खात्री नसताना 'गॅस्ट्रायटिस' लिहिणं. हाच रुग्ण दुसऱ्या दिवशी परत आला की पुढचा डॉक्टर ते वाचतो आणि तिथेच थांबतो. 'पोटदुखी, कारण अजून अस्पष्ट' असं लिहिलं तर तो नव्याने विचार करतो.

श्वसनमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदूची स्थिती आणि कपडे काढून पूर्ण तपासणी हा क्रम सगळ्यांना येतो. त्याचं मर्म हे की इथे उपचार आणि निदान एकाच वेळी चालतात. श्वास गुदमरलेला, रक्तदाब कोसळलेला, एका बाजूला हवा आत जात नाही, मानेच्या शिरा फुगलेल्या, अशा रुग्णाला एक्स-रेला पाठवायचं नसतं. छातीतली दाबलेली हवा आधी बाहेर काढायची. रुग्ण बेशुद्ध, गोंधळलेला किंवा अर्धांगवायू झाल्यासारखा दिसत असेल तर ग्लुकोमीटर आधी, सीटी स्कॅन नंतर. साखर उतरल्याने एका बाजूची ताकद जाऊ शकते आणि ती पक्षाघातासारखी हुबेहूब दिसते.

नाडी, रक्तदाब, श्वास हे आकडे स्वतः बघा. श्वासाचा वेग पूर्ण एक मिनिट मोजा. तो बहुतेक ठिकाणी अंदाजाने लिहिला जातो, म्हणून प्रत्येक केस पेपरवर 18 किंवा 20 दिसतं. प्रत्यक्षात 28 असतो आणि सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं) किंवा रक्तातलं वाढलेलं आम्ल तिथेच ओळखू आलं असतं. बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर दोन ठिकाणी फसवतं. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत ते नॉर्मल आकडा दाखवतं, कारण त्या वायूने बांधलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने बांधल्यासारखंच दिसतं. आणि गडद त्वचेवर ते खरा आकडा वाढवून सांगू शकतं. 2020 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत, ऑक्सिमीटरच्या नजरेतून सुटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा आढळली. श्वास घेताना रुग्णाचे कष्ट दिसत असतील आणि यंत्र 94 म्हणत असेल, तर रुग्णावर विश्वास ठेवा आणि धमनीतलं रक्त तपासा. वृद्धांत वरचा रक्तदाब 110 च्या खाली आला तर तो शॉक (अवयवांना रक्त कमी पडणं) असू शकतो, विशेषतः ज्यांचा एरवी 160 असतो त्यांच्यात. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असेल तर रक्तस्राव होत असतानाही नाडी 75 राहते. म्हणून गोळ्यांची पिशवी मागून घेणं हाही तपासणीचाच भाग आहे.

पद्धत समजण्यासाठी छातीतलं दुखणं सर्वांत चांगलं, कारण तिथे जिवावर बेतणारी कारणं ठरावीक आहेत: हृदयाचा रक्तपुरवठा अडणं, महाधमनीचा थर फाटणं, फुप्फुसात गुठळी जाणं, दाब निर्माण करणारी छातीतली हवा, हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साचून ते दाबलं जाणं, आणि अन्ननलिका फाटणं. शेवटचं क्वचितच दिसतं, पण जोरदार उलटीनंतर छातीत कळ आली असेल तर आठवायलाच हवं.

ईसीजी रुग्ण आल्यापासून 10 मिनिटांत काढून डॉक्टरने पाहिलेला असावा. तो पाहताना फक्त 'एसटी (ईसीजीच्या रेषेतला ठरावीक भाग) वर गेलाय का' एवढंच शोधलं तर बरंच निसटतं. ईसीजीच्या वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या नोंदी म्हणजे लीड; त्यांतल्या 2, 3 आणि एव्हीएफमध्ये किंचित चढ वाटत असेल तर एव्हीएल बघा. तिथे एसटी खाली गेलेला असेल तर खालच्या भिंतीचा अटॅक असण्याची शक्यता बरीच वाढते. खालच्या भिंतीचा अटॅक दिसला की उजव्या बाजूचा व्ही4आर काढा. अटॅकमध्ये उजवं हृदयही सापडलं असेल तर नायट्रोग्लिसरीन दिल्यावर रक्तदाब धाडकन पडतो. व्ही1 ते व्ही3 मध्ये एसटी खाली असेल तर तो मागच्या भिंतीचा अटॅक असू शकतो. पाठीवर व्ही7 ते व्ही9 लावा. तिथे अर्धा मिलिमीटर चढसुद्धा पुरेसा मानतात. जुना ईसीजी मिळत असेल तर शेजारी ठेवा. आणि पहिला ईसीजी साफ असूनही दुखणं चालू असेल, तर पहिल्या तासात दर 15 ते 30 मिनिटांनी पुन्हा काढा. ही साधी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते. ईसीजी म्हणजे दहा सेकंदांची नोंद. रक्तवाहिनी मात्र उघडत-मिटत असते.

ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं प्रथिन) वाचताना घड्याळ हातात हवं. दुखणं सुरू झालं कधी आणि रक्त घेतलं कधी, या दोन वेळा लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. हाय-सेन्सिटिव्हिटी चाचणीत अगदी खालचा एकच आकडा आणि साफ ईसीजी यावर अटॅक नाकारता येतो, पण दुखणं सुरू होऊन 3 तास उलटलेले असतील तरच. त्याआधी आलेल्या रुग्णाला दुसरा नमुना लागतो: 1, 2 किंवा 3 तासांनी, तुमच्या प्रयोगशाळेत कुठली पद्धत आहे त्यानुसार. प्रत्येक कंपनीच्या चाचणीची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्या रुग्णालयाच्या तक्त्यातला आकडा इथे लावू नका. वाढलेला ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगतो, कारण सांगत नाही. सेप्सिस, फुप्फुसातली गुठळी, मूत्रपिंडाचा आजार, बराच वेळ चाललेली वेगवान नाडी, या सगळ्यांत तो वाढतो. म्हणून दोन नमुन्यांतला फरक जास्त बोलका असतो. उलट बाजूने, अस्थिर अंजायनात (हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडून वाढत जाणाऱ्या छातीदुखीत) ट्रोपोनिन नॉर्मल राहू शकतो. आठवड्याभरात दुखणं वाढत चाललंय, आता जिन्याच्या चार पायऱ्यांवरही येतंय, ही हकिगत ट्रोपोनिन पुसू शकत नाही.

हकिगतीतल्या कुठल्या गोष्टीला किती वजन द्यायचं तेही ठरलेलं आहे. दोन्ही हातांत किंवा उजव्या हातात जाणारी कळ, श्रमाने वाढणारं दुखणं आणि दरदरून घाम यांनी शक्यता वाढते. श्वास घेताना टोचणारं किंवा बोटाने दाबल्यावर नेमकं तिथेच येणारं दुखणं असेल तर ती कमी होते, शून्य होत नाही. नायट्रोग्लिसरीनने किंवा अँटासिडने बरं वाटलं, यावरून काहीच ठरत नाही. दोन्हींनी दोन्ही प्रकारच्या रुग्णांना आराम पडतो. तरीही 'अँटासिडने थांबलं, म्हणजे ॲसिडिटी' हा निष्कर्ष अजून रोज काढला जातो. स्त्रिया, मधुमेही आणि वृद्ध यांच्यात छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा कमालीचा थकवा असू शकतो. ते बोलून दाखवत नाहीत, विचारावं लागतं.

महाधमनी फाटल्याचं निदान बहुतांश वेळा चुकतं ते प्रश्न न विचारल्याने. तीन प्रश्न आहेत: दुखणं एकदम सुरू झालं का आणि पहिल्याच क्षणी सर्वांत तीव्र होतं का, कसं होतं, आणि कुठून कुठे गेलं. मग दोन्ही मनगटांच्या आणि जांघांच्या नाड्या, दोन्ही हातांचा रक्तदाब, हृदयाचा नवा मर्मर आणि हातापायांची ताकद. या आजाराच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतून 2000 साली आलेल्या पहिल्या मोठ्या विश्लेषणात सुमारे 85 टक्के रुग्णांचं दुखणं अचानक सुरू झालं होतं, पण नाडीतला फरक जेमतेम 15 टक्क्यांत सापडला होता, आणि सुमारे 12 टक्क्यांच्या छातीच्या एक्स-रेत कुठलाच दोष नव्हता. म्हणजे नाड्या सारख्या आहेत, एक्स-रे साफ आहे, एवढ्यावर हा आजार सोडून देता येत नाही. छातीत कळ आणि सोबत पायातली ताकद गेलेली, बोलणं अडखळलेलं किंवा शुद्ध हरपलेली असेल, तर सीटी अँजिओग्राफी होईपर्यंत महाधमनीच समजा. इथे घाई महागात पडते: अटॅक समजून गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर रुग्ण दगावू शकतो.

फुप्फुसातल्या गुठळीच्या निमित्ताने आता या सगळ्यामागचं गणित. डी-डायमर ही गुठळीचा माग काढणारी रक्ताची चाचणी संवेदनशील आहे, पण ढोबळ. सोयीसाठी धरू की खरी गुठळी असलेल्या 100 पैकी 95 जणांत ती पॉझिटिव्ह येते आणि गुठळी नसलेल्या 100 पैकी 50 जणांतही येते. आता तपासणीआधीच ज्यांच्यात शक्यता 10 टक्के वाटते असे 1000 रुग्ण घ्या. आजारी 100, त्यातले 5 निसटले. निरोगी 900, त्यातले 450 निगेटिव्ह. म्हणजे निगेटिव्ह आलेल्या 455 मध्ये 5 आजारी, साधारण 1 टक्का. इथे चाचणीवर विसंबून रुग्णाला सोडता येतं. तीच चाचणी 50 टक्के शक्यतेच्या 1000 जणांवर करा. आजारी 500, निसटले 25. निरोगी 500, निगेटिव्ह 250. निगेटिव्ह आलेल्या 275 मध्ये 25 आजारी, म्हणजे 9 टक्के. यंत्र तेच, रिपोर्ट तोच, पण या रुग्णाला घरी पाठवणं चूक. आता दुसरं टोक: 2 टक्के शक्यतेचे 1000. पॉझिटिव्ह येतात 509, त्यात खरे आजारी 19. उरलेल्या 490 जणांना विनाकारण सीटी, काँट्रास्टचं इंजेक्शन आणि किरणोत्सर्ग.

हे गणित तुम्ही रुग्णासमोर करणार नाही. पण चाचणी पाठवण्याआधी मनात शक्यतेचा आकडा धरलेला नसेल, तर आलेल्या रिपोर्टचा अर्थ लावताच येत नाही, हे त्यातून पक्कं समजून घ्या. या शाखेतलं निदान इथेच उभं राहतं. 2004 साली आलेला पर्क नियम नेमका त्या 2 टक्क्यांच्या टोकासाठी आहे. त्यात आठ गोष्टी पाहतात: वय 50 पेक्षा कमी, नाडी 100 पेक्षा कमी, ऑक्सिजन 95 टक्के किंवा जास्त, खोकल्यातून रक्त नाही, इस्ट्रोजेनयुक्त औषध नाही, पूर्वी गुठळी झालेली नाही, एकाच पायाला सूज नाही, आणि गेल्या 4 आठवड्यांत शस्त्रक्रिया किंवा मोठी इजा नाही. आठही गोष्टी जुळल्या आणि तुमचा स्वतःचा अंदाजही कमी शक्यतेचाच असेल, तर डी-डायमरसुद्धा नको. चूक होते ती दुसऱ्या अटीत. ज्याच्याबद्दल तुम्हालाच गुठळीचा दाट संशय आहे, त्याला हा नियम लावून निर्धास्त व्हायचं नसतं. पन्नाशीनंतर डी-डायमरची मर्यादा वय गुणिले 10 धरतात. 70 वर्षांच्या माणसाला 500 ऐवजी 700. ही मर्यादा फायब्रिनोजेन एककात दिलेल्या चाचणीची आहे. काही प्रयोगशाळा वेगळ्या एककात रिपोर्ट देतात आणि तिथे आकडा साधारण निम्मा असतो, म्हणून रिपोर्टवरचं एकक वाचा.

नियम कुणाला लावायचा, हे चुकलं की चांगला नियमही घातक होतो. चक्करेच्या रुग्णात हे सर्वांत ठळक दिसतं. सतत गरगरतंय, उलट्या होताहेत, डोळे आपोआप एका दिशेला झटके देताहेत, अशा रुग्णाला लहान मेंदूचा पक्षाघात आहे की कानातल्या नसेची सूज, हे ठरवायला हिंट्स नावाची तीन भागांची तपासणी आहे: डोकं झटकन वळवल्यावर नजर टिकते का, डोळ्यांचे झटके बघण्याच्या दिशेनुसार बाजू बदलतात का, आणि एकेक डोळा झाकून उघडल्यावर तो उभ्या रेषेत सरकतो का. इथे गंमत उलटी आहे. डोकं वळवल्यावर नजर व्यवस्थित टिकली तर ते वाईट लक्षण. कानाची नस साबूत आहे, मग बिघाड मेंदूत असण्याची शंका. 2009 च्या अभ्यासात प्रशिक्षित डोळ्यांनी केलेली ही तपासणी सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही पक्षाघात अधिक पकडणारी ठरली. पहिल्या 48 तासांत एमआरआय कधीकधी साफ येतो. पण ही तपासणी फक्त त्या क्षणी गरगरणाऱ्या आणि डोळ्यांना झटके असणाऱ्या रुग्णासाठी आहे. कुशीवर वळल्यावर अर्धा मिनिट चक्कर येऊन थांबणाऱ्या माणसाला ती केली, तर त्याची नजर टिकणारच, आणि तुम्ही त्याला पक्षाघात ठरवाल. त्याला डिक्स-हॉलपाइक (डोकं एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन आडवं करून डोळे बघण्याची तपासणी) करायची असते. आणि दोन्हींच्या आधी रुग्णाला उठवून उभं करा. आधाराशिवाय बसता किंवा चालता येत नसेल तर बाकी काहीही दिसो, त्याला घरी पाठवू नका.

डोकेदुखीतही तेच. झटक्यात आलेल्या तीव्र डोकेदुखीत मेंदूभोवतीचा रक्तस्राव नाकारायला, दुखणं सुरू झाल्यापासून 6 तासांच्या आत आधुनिक यंत्रावर केलेला आणि अनुभवी रेडिओलॉजिस्टने वाचलेला साधा सीटी जवळपास पुरेसा असतो. 2011 च्या कॅनडातल्या अभ्यासाने हे दाखवलं. सहा तासांनंतर तीच खात्री राहत नाही. मग कमरेतलं पाणी तपासणं किंवा सीटी अँजिओग्राफी. रुग्णाचं हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर रक्त सीटीवर पांढरं दिसत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता चुका. इमर्जन्सीत ज्ञान कमी पडून होणाऱ्या चुका असतात, पण त्याहून जास्त चुका विचार लवकर थांबल्याने होतात. ट्रायाजच्या (आलेल्या रुग्णांची निकड ठरवणाऱ्या) नर्सने 'मुतखडा' लिहिलं आणि सगळे तेच धरून चालले. पहिलं फ्रॅक्चर सापडलं आणि दुसरं शोधलंच नाही. ड्यूटी बदलताना "बेड चारचा गॅस्ट्रोचा पेशंट, सलाइन संपलं की सोडा" असं सांगितलं आणि नव्या डॉक्टरने पोटाला हातही लावला नाही. यावर उपाय साधे आहेत आणि ते सवयीचे करावे लागतात. रुग्णाला सोडण्याआधी एकदा थांबून स्वतःला विचारा: माझ्या निदानाशी न जुळणारं यात काय आहे? सोडताना नाडी 118 असेल तर तिचं कारण कागदावर लिहिता यायला हवं. येत नसेल तर रुग्ण जात नाही. ड्यूटी देताना निदान न सांगता तक्रार, सापडलेल्या खुणा आणि उरलेला प्रश्न सांगा. दारू प्यायलेला, मनोविकाराचा, आरडाओरडा करणारा आणि त्याच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आलेला रुग्ण, या चौघांवर अन्याय होण्याची शक्यता सर्वाधिक, म्हणून त्यांची तपासणी मुद्दाम अधिक बारकाईने करा.

काही जोड्या डोक्यात घट्ट बसवाव्यात. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच 'मुतखडा' झाला तर सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवून महाधमनी मोजा. 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त रुंद असेल तर ती फुगलेली आहे. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीचं पोट दुखत असेल किंवा ती भोवळ येऊन पडली असेल, तर गर्भचाचणी, पाळी कधी आली होती ते काहीही सांगितलेलं असो. तपासताना सापडतंय त्याच्या मानाने दुखणं फारच जास्त असेल, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटणं, खोलवर पसरणारा जंतुसंसर्ग किंवा स्नायूंच्या कप्प्यात वाढलेला दाब. कंबरदुखीसोबत लघवी अडली असेल किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा असेल, तर लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरली ते मोजा.

घरी पाठवताना दिलेली सूचना हा निदानाचाच शेवटचा टप्पा आहे, कारण अनिश्चितता घेऊनच रुग्ण बाहेर पडतो. "त्रास झाला तर या" याला सूचना म्हणत नाहीत. "अपेंडिक्स अजून पूर्ण नाकारता आलेलं नाही. दुखणं उजव्या खालच्या बाजूला सरकलं, ताप आला, किंवा चालताना धक्का बसून दुखलं तर वाट न बघता परत या. काही झालं नाही तरी उद्या सकाळी पोट दाखवायला या." नातेवाईकांकडून हे परत म्हणवून घ्या.

नियम येतात कुठून? चांगलं उदाहरण घोट्याचं. कॅनडात डॉ. इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये ऑटवा नियम मांडले. घोटा मुरगळलेल्या जवळजवळ सगळ्यांचा एक्स-रे निघत होता आणि बहुतेकांत फ्रॅक्चर नसायचं. त्यांनी आधी डॉक्टरांकडून ठरावीक खुणा एक्स-रे पाहण्याआधी लिहून घेतल्या, काही रुग्णांना दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलं, आणि ज्या खुणांवर दोघांचं एकमत होत नव्हतं त्या टाकून दिल्या. उरलेल्यांतून जो नियम निघाला तो नव्या रुग्णांवर पडताळला, आणि मग तो वापरल्याने एक्स-रे खरोखर कमी होतात का तेही पाहिलं. घोट्यात दुखतंय आणि बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या मागच्या कडेच्या खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये अथवा टोकाला दाबल्यावर दुखतंय, किंवा इजेनंतर लगेच आणि विभागातही चार पावलं टाकता येत नाहीत, तर एक्स-रे. पायाच्या मधल्या भागासाठी आणखी दोन हाडं दाबून बघायची असतात. पुढच्या बाजूला, जिथे लिगामेंट ताणलेलं असतं तिथे दाबून 'पॉझिटिव्ह' म्हणणं ही नेहमीची चूक. त्याने नियमाचा उपयोगच संपतो.

उपचारांच्या बाबतीत ज्ञान सरळ रेषेत पुढे जात नाही. सेप्सिसमध्ये 2001 साली एका अमेरिकन रुग्णालयातल्या 263 रुग्णांच्या चाचणीत, शिरेतला दाब आणि ऑक्सिजन सतत मोजून पहिल्या 6 तासांत ठरावीक लक्ष्यं गाठल्याने रुग्णालयातले मृत्यू 46.5 वरून 30.5 टक्क्यांवर आले. जगभर तो शिरस्ता झाला. 2014 आणि 2015 मध्ये तीन मोठ्या चाचण्यांनी तो पुन्हा तपासला आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा दिसला नाही. पहिलं काम वाया गेलं असं मात्र नाही. मधल्या काळात 'नेहमीचे उपचार'च बदलले होते: सेप्सिस लवकर ओळखणं, अँटिबायोटिक लवकर देणं, सलाइन लवकर चालू करणं. त्यावर किचकट मोजमापाची भर पडून आणखी काही मिळेना.

शॉकमधल्या मुलाला सलाइनचा बोलस (थोड्या वेळात भरभर दिलेला मोठा डोस) द्यावा, हे इतकं उघड वाटायचं की तपासण्याची गरज कुणाला भासली नव्हती. 2011 मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या 3,141 मुलांवरच्या चाचणीत, तापासोबत रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांत बोलस दिलेल्यांचे 48 तासांतले मृत्यू सुमारे 10.5 टक्के निघाले आणि बोलस न दिलेल्यांचे 7.3 टक्के. रक्तदाब वाढणं आणि मूल वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या चाचणीइतकं ठसठशीत क्वचितच कुणी दाखवलं असेल. जुलाबाने शुष्क झालेली मुलं त्या चाचणीत नव्हती; म्हणून तिचा निष्कर्ष त्यांना लावणं ही दुसऱ्या टोकाची चूक.

रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडची गोष्टही अशीच नेमकी आहे. 2010 मध्ये 40 देशांतल्या 20,000 हून जास्त जखमींवर ते तपासलं गेलं: 10 मिनिटांत 1 ग्रॅम, मग 8 तासांत 1 ग्रॅम. मृत्यू 16 वरून 14.5 टक्क्यांवर आले. पुढच्या विश्लेषणात कळलं की इजेनंतर 3 तासांच्या आत दिलं तरच फायदा. त्यानंतर दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढतात. मग ते पचनमार्गातल्या रक्तस्रावालाही लागू पडेल असं वाटलं. 2020 च्या मोठ्या चाचणीत तिथे फायदा नव्हता, शिरांतल्या गुठळ्या मात्र वाढल्या. हृदय बंद पडलेल्या रुग्णांत ॲड्रेनालिनने 30 दिवसांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण 2.4 वरून 3.2 टक्के झालं, असं 2018 च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. पण मेंदू शाबूत ठेवून वाचणाऱ्यांत स्पष्ट फरक नव्हता. 'फायदा' म्हणजे काय मोजायचं, हे आधी ठरवावं लागतं ते यासाठी. असे रुग्ण बेशुद्ध असतात आणि संमती देऊ शकत नाहीत. म्हणून या चाचण्या वेगळ्या नियमांखाली, नैतिकता समितीच्या देखरेखीत आणि बहुतेक ठिकाणी नंतर घेतलेल्या संमतीने चालतात.

तुम्ही काय करू शकता? पहिलं म्हणजे पाठपुरावा. इमर्जन्सीच्या डॉक्टरला आपल्या निदानाचं पुढे काय झालं हे कळतच नाही, त्यामुळे चुकीची सवय वर्षानुवर्षं पक्की होत जाते. प्रत्येक ड्यूटीनंतर ज्यांच्याबद्दल खात्री नव्हती अशा दोन-तीन रुग्णांचा नोंदणी क्रमांक आणि स्वतःचा अंदाज टक्क्यांत लिहून ठेवा. आठवड्याने वॉर्डात अंतिम निदान बघा. 72 तासांत परत आलेल्या आणि भरती व्हावं लागलेल्या रुग्णांचे कागद विभागाने एकत्र बसून वाचावेत, दोषी शोधण्यासाठी नव्हे तर विचार कुठे थांबला ते पाहण्यासाठी.

दुसरं, जुन्या कागदांवरून अभ्यास करणार असाल तर व्याख्या आधी लिहा. 'ताप' म्हणजे किती, 'उशीर' म्हणजे किती मिनिटं. कागद वाचणाऱ्याला अंतिम निदान माहीत नसावं. दहातला एक कागद दुसऱ्याकडून वेगळा वाचून घ्या आणि दोघांचं कितपत जुळतं ते कप्पा मूल्याने मोजा, 0.6 च्या खाली असेल तर व्याख्या सुधारा. ज्यांच्यावर सीटी झाला फक्त त्यांनाच धरलं तर तुमची खूण आहे त्यापेक्षा जास्त संवेदनशील दिसेल, कारण खूण नसलेल्यांना सीटीला पाठवलंच गेलं नव्हतं. त्यांना निदान 30 दिवसांनी फोन करून गाठा.

आणि आकडा पुरेसा आहे का ते बघा. तुमच्या नियमाने 30 पैकी 30 आजारी पकडले, तर संवेदनशीलता 100 टक्के असं लिहिण्याचा मोह होईल. पण एकही चूक न सापडता जितके रुग्ण पाहिले, त्या संख्येने 3 ला भागलं की चुकीची वरची मर्यादा ढोबळमानाने कळते. 30 रुग्णांत ती 10 टक्के आहे, 100 रुग्णांत 3 टक्के, 300 रुग्णांत 1 टक्का. आणि हे 300 म्हणजे आजारी रुग्ण. आजार शंभरात पाच जणांना असेल तर एकूण 6,000 रुग्ण नोंदवावे लागतील. एका विभागाला ते झेपत नाही, म्हणून चार-पाच विभागांनी एकच नोंदणी तक्ता ठरवून सुरुवात करावी, आणि तक्ता ट्रायाजच्या नर्सला दोन मिनिटांत भरता येईल एवढा छोटा ठेवावा.